आबा, साडेतीनपर्यंत बोर्ड कोरा होता

आबा,

तुमचा खडू माझ्याकडे आहे. तुम्ही गेलात त्या रविवारी सकाळी आईने तुमच्या सदऱ्याच्या खिशातून तो काढला आणि माझ्या हातात दिला. अर्धाच उरलाय. खिशात राहून राहून एका बाजूने चपटा झालाय. तुमच्या घरात एवढी माणसं जमली होती, कोणी तुमचा चष्मा शोधत होतं, कोणी आधार कार्ड, पण खडूची आठवण आईलाच झाली. तिला थोडंफार वाचता येतं, लिहिता येत नाही. तरी आता हे काम कुणाकडे जाणार, ते तिला कळलं होतं.

मला एवढं लांब लिहायची सवय नाही. कॉलेजात प्रकल्पाचे अहवाल लिहिते, पेजवर चार ओळींच्या पोस्ट टाकते. चार ओळींच्या पुढे गेले की तुम्हीच म्हणायचात, "पुनी, इतलं कोन वाचस? लोकेसनी गाडी चुकी जाई." आज चुकली तर चुकू दे. तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची नाही असं मी कबूल केलं होतं. दोन्ही आता माझ्याकडे पडून आहेत.

बोर्डाचं तुम्हाला काय सांगायचं. पण मला ते एकदा लिहून काढू द्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा, एसटी थांब्याच्या बरोबर समोरचा तो काळा बोर्ड. दर दिवाळीआधी त्याला नवा काळा रंग तुम्ही स्वतः द्यायचात. धुळ्याकडून अमळनेरला जाणारी किंवा तिकडून येणारी कुठलीही बस थांबली की उतरणाऱ्याला आधी तोच दिसतो. पाणी कधी येणार, रेशन कधी वाटणार, दवाखान्याची बाई कधी येणार, आणि कोण गेलं. सुरतेला कामाला गेलेला माणूस दोन वर्षांनी उतरला तरी पिशवी खाली ठेवून आधी बोर्ड वाचायचा, मग घराकडे वळायचा.

तुम्ही आमच्या समोरच्या घरातले, मूळचे पेंटर. आजूबाजूच्या पंधरा गावांतल्या दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं तुमच्या हातची. फ्लेक्स आले तेव्हा ब्रश गेले, खडू राहिला. मी पाचवीत असल्यापासून रंगाचा डबा धरून तुमच्या शिडीखाली उभी राहायचे. आधी जागा मोज, मग अक्षर काढ, हे मी शाळेत नाही, त्या शिडीखाली शिकले. बारावीनंतर जळगावच्या कॉलेजचा फॉर्म तुम्ही भरलात, कारण आमच्या घरात कधी कोणी फॉर्म भरलेला नव्हता. बाबा कापसाच्या जिनिंगवर कामाला. ते जी सही करतात तीही तुम्हीच शिकवलेली. फॉर्ममध्ये 'पालकांचे शिक्षण' असा रकाना आला आणि बाबा जमिनीकडे बघायला लागले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिख, पोरनं शिक्षण चालू शे." असं लिहिता येत नाही हे तुम्हालाही माहीत होतं. पण बाबा हसले, आणि आम्ही पुढच्या रकान्याकडे गेलो.

पहिल्या वर्षाला असताना मी गावाचं पेज सुरू केलं. जळगावात मेहरूणला आम्ही तिघी मुलींनी खोली घेतली होती. तलावाकडे फिरायला जायचो, मेसचं जेवायचो, आणि गावात काय चाललंय ते मला काही कळायचं नाही. पेज काढायला एवढंच कारण होतं. बातम्या तुम्ही द्यायचात. बोर्डावर लिहून झालं की त्याचा फोटो काढून पाठवायचात. सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत कोपऱ्यात तुमचा अंगठा आहे. मी तो कापून फोटो टाकायचे. आता ते मूळ फोटो शोधून वेगळे ठेवलेत.

भांडणाची सुरुवात तशी मजेतच झाली. पेजच्या आत एक आलेख दिसतो. आपले लोक दिवसात कुठल्या वेळी मोबाइल उघडतात, त्याचा. मला तो सापडला तेव्हा आपण फार शहाण्या झालो असं वाटलं. रात्री आठला उंच टेकाड, दुपारी दोनला लहानसं, साडेतीनला खड्डा. मी सगळ्या पोस्ट आठच्या लावून ठेवायला लागले. सकाळी कॉलेजला जाण्याआधी लिहायच्या, वेळ देऊन ठेवायची, त्या आपोआप जायच्या. पोस्ट लिहिणं आणि पोस्ट जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मोठं ज्ञान वाटत होतं.

मग तो पाण्याचा दिवस आला. उद्याचं पाणी आज चारला सुटणार, असा निरोप तुम्ही सकाळी दहाला पाठवला होतात. मी नेहमीसारखी आठची वेळ देऊन टाकली. साडेआठला तुमचा फोन.

"पुनी, पानी चारले उनं. तू आठले सांगं."

"आबा, आठला सगळ्यात जास्त लोक बघतात."

"दखतस ना. बठ्ठा गावनी तुनी पोस्ट दखी. पानी मातर गटारनी दखं."

मला रडू यायचं ते हसूच आलं. तुम्हीही फोनवर खोकेपर्यंत हसलात. पण नंतर महिनाभर मी कधीही फोन केला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "आठ वाजनात का?" दुपारी बारालासुद्धा.

पुढच्या सुट्टीत मी तुम्हाला तो आलेख दाखवला. तुम्ही चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, हे मला माहीतच आहे. खरंच माहीत होतं. मजूर बायांचा टेम्पो सहाला निघतो म्हणून दवाखान्याची सूचना तुम्ही साडेपाचला लिहायचात. रेशनचं आदल्या संध्याकाळी, कारण पोतं धुऊन वाळवायला रात्र लागते. यात्रेची कुस्ती आठ दिवस आधी, कारण जावयांना निरोप पाठवायचे असतात. लोक कधी बघतात ते तुझं मशीन सांगतं, त्यांच्या कधी कामी येईल ते नाही सांगत, असं तुम्ही म्हणालात. मी ते वहीत लिहून घेतलं. त्या वेळी ते फक्त पाण्याबद्दल आहे असं मला वाटलं होतं.

निधनाची ओळ मात्र तुम्ही कधी घाईने लिहिली नाही. कोणी गेलं की तुम्ही खडू खिशात टाकायचात आणि बोर्डासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचात. लोक म्हणायचे, "आबा, लिखा ना आते, दोन तास व्हयनात." तुम्ही विचारायचात, "लेक निंघनी का? कोनती गाडीवर शे?" गेलेल्या माणसाची लेक ज्या बसने येत असेल ती बस येऊन जाईपर्यंत बोर्ड कोरा. लेक उतरायची, घरची कोणीतरी बाई तिला धरून घेऊन जायची, ती गल्लीत वळली की तुम्ही उठायचात. कारण तिला आपल्याकडच्या रीतीप्रमाणे एवढंच सांगितलेलं असायचं की बापाची तब्येत जास्त आहे, निघून ये. बसमधून उतरताना बापाचं नाव बोर्डावर दिसायला नको, एवढ्यासाठी तुम्ही उन्हात बसून राहायचात. मी लहानपणापासून ते बघत आले होते. तरी दोन वर्षांपूर्वी गावातले गुलाबनाना गेले तेव्हा मी ते केलं.

त्या दिवशी मी जळगावला होते. दोन तासांच्या मधली सुट्टी होती. आईचा फोन आला, गुलाबनाना गेले म्हणून. माझ्याकडे त्यांचा फोटो होता, यात्रेतला, फेट्यातला. शेजारच्या गावातल्या मुलांनीही एक पेज काढलं होतं आणि आपल्या गावच्या बातम्या ते आधी टाकायचे, याचा मला राग होता. दहा मिनिटांत मी पोस्ट टाकली. वेळसुद्धा लावली नाही, थेट टाकली. पाण्याच्या वेळी उशीर झाला होता, या वेळी नको, असंही मनात आलं असेल. चांगली बाजू शोधायची तर एवढीच.

सुनंदाताई, म्हणजे नानांची धाकटी मुलगी, तेव्हा धुळ्याहून निघालेल्या बसमध्ये होत्या. नानांना बरं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. माझ्या पोस्टखाली कोणीतरी त्यांचं नाव घेऊन 'ताई, धीर धरा' असं लिहिलं. त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी तो उघडला.

तुम्ही टपरीवर खडू खिशात ठेवून बसला होतात. बस आली. सुनंदाताई उतरल्या. त्यांनी बोर्डाकडे बघितलंही नाही, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. बोर्ड कोरा होता.

तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. शनिवारी मी गावी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होतात. म्हणालात, "चाल." कुठे ते विचारायची गरज नव्हती. नानांच्या घरी सुनंदाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी माफी मागायची वाक्यं रस्त्यात तयार केली होती, त्यातलं एकही बाहेर आलं नाही. त्यांनीच सुरुवात केली.

"तू टाकलं त्याचा राग नाही पूनम. कोणी ना कोणी टाकलंच असतं. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई होती, मांडीवर पेरूची टोपली घेऊन. मी रडायला लागले तर तिने टोपली खाली ठेवली आणि मला जवळ घेतलं. चांगली होती बिचारी. पण माझ्या बापासाठी मी पहिल्यांदा तिच्या गळ्यात पडले. माझी आई दुसरी."

येताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबून तुम्ही एवढंच म्हणालात, "मन्हा बोर्ड चौकमा शे. तुना बोर्ड तिना हातमा शे."

त्याच्या पुढच्या वेळी मात्र आपण भांडलो, आणि त्या भांडणातला माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. मी म्हटलं, आबा, माझं चुकलंच. पण मुळात तिला खोटं का सांगितलं? तिच्या भावाला तर सुरतेला फोन करून सरळ सांगितलं, बाप गेला, निघ. तो पुरुष म्हणून त्याला झेपतं आणि ती बाई म्हणून तिला नाही? तिने तासभर बसमध्ये बसून आता दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, याचा विचार करायचा, आणि गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत असायचं की नाना गेलेत?

"खोटं नही ते," तुम्ही म्हणालात. "उशीर शे."

"उशीर नाही आबा, खोटंच आहे. तब्येत जास्त आहे हे वाक्य खोटं आहे."

"मंग एकटी बाईले बसमा सांगी देवानं?"

"एकटी का? कोणीतरी जाऊन सांगा."

"कोन जाई? धुळाले जाई येवाले तीन तास लागतस."

"मग तीन तास लागू द्या."

तुम्ही हसलात. पोरगी कॉलेजात जाऊन वकील होऊन आली, असं शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात. मी चिडून घरी गेले. नंतर आपण अनेकदा या विषयावर आलो, आणि दर वेळी तुम्ही 'उशीर' म्हणायचात, मी 'खोटं' म्हणायचे, आणि आई चहा घेऊन आली की विषय बदलायचा. पेजवर मात्र मी नियम केला. निधनाची पोस्ट बोर्डानंतरच टाकायची. तुमचा खडू हलल्याशिवाय माझं बोट हलणार नाही. तुम्हाला ते मी कधी शब्दांत सांगितलं नाही. पण तुम्ही बोर्डाचा फोटो पाठवायचात आणि एका मिनिटात पोस्ट जायची, त्यावरून तुम्हाला समजलं असेल.

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला सांगितली नाही.

मागच्या दिवाळीत मंदाताई माहेरी आल्या होत्या. तुमची एकुलती एक लेक, पण गावात त्या कमीच यायच्या. भाऊबीजेनंतर आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो, आणि मी त्यांना आपल्या भांडणाबद्दल सांगत होते, हसत हसत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या आईच्या वेळी मी मोसंबी घेतली होती."

त्यांची आई, आमच्या काकू, गेल्या तेव्हा मी लहान होते, मला फारसं आठवत नाही. तुम्ही धुळ्याला फोन केला होतात, आई जास्त आजारी आहे, निघून ये. मंदाताईंनी स्टँडवर डझनभर मोसंबी घेतली. आईला सालीसकट आवडत नाही, पांढरं काढून द्यावं लागेल, असा विचार त्या रस्ताभर करत होत्या. गाव जवळ आलं तेव्हा कंडक्टरने उठून त्यांची पिशवी हातात घेतली. "मला वाटलं, किती चांगला माणूस आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या बसला माहीत होतं गं. आपल्या गावचे चार जण होते बसमध्ये. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी उतरले, बोर्ड बघितला, कोरा होता. माझा जीव भांड्यात पडला. कोरा आहे म्हणजे आई आहे. गल्लीत वळेपर्यंत आई होती माझी. मग दारात माणसं दिसली."

मग पापड उलटत त्या म्हणाल्या, "त्या कोऱ्या बोर्डाचा मला अजून राग येतो. आबांना सांगू नकोस. त्यांनी माझ्यासाठीच केलं. त्यांना कळलं तर त्यांना पुन्हा खडू हातात धरता येणार नाही."

मी नाही सांगितलं. त्यानंतर आपण या विषयावर आणखी दोनदा तरी भांडलो. दोन्ही वेळा माझ्या ओठांवर आलं होतं. 'तुमच्या लेकीला विचारा' एवढं म्हटलं असतं तर मी जिंकले असते. एकदा तर तुम्हीच म्हणालात, "मन्ही मंदाले इचार. तिले मी बरोबर घर लगून आनं." मी चहाचा कप उचलून आत गेले. तुम्हाला वाटलं, मी हरले. तसंच वाटू दिलं.

त्या रविवारी सकाळी तुम्ही ओट्यावर चहा घेतलात आणि भिंतीला टेकलात. मी समोरच्या दारात केस विंचरत होते. तुम्ही डुलकी घेताय असंच मला वाटलं. बशी कलली तेव्हा मी धावले. डॉक्टर येऊन गेले तेव्हा दहा वाजले होते.

मग ते सुरू झालं, जे आपण दर वेळी बघितलंय. तुमचे पुतणे संजूभाऊ फोन हातात घेऊन म्हणाले, "मंदाले लावस मी. आबानी तब्येत जास्त शे सांगस." मी म्हटलं, "भाऊ, थांबा." एवढ्या पुरुष माणसांत मी पहिल्यांदाच तोंड उघडलं असेल.

"तब्येत जास्त आहे असं नका सांगू."

"मंग काय सांगू? पाव्हना दुकानवर ऱ्हास. ती घरमा एकटी शे." पाव्हना, म्हणजे तुमचे जावई.

"आधी पाहुण्यांना सांगा. त्यांना घरी जाऊ द्या. ते शेजारी बसले की मग ताईंना खरं सांगू."

"आनि तवलगून?"

"तोवर कोणालाच नाही."

संजूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हाकलतील. पण ते म्हणाले, "आबानी शिष्या शे. कर बाई." आणि त्यांनी पाहुण्यांचा नंबर लावून फोन माझ्याच हातात दिला. मी सांगितलं. ते म्हणाले, दुकान बंद करून घरी जायला अर्धा-पाऊण तास लागेल.

त्या पाऊण तासात, आबा, तुम्ही टपरीवर बसून काय करायचात ते मला कळलं. मी घरात एकेका माणसापाशी गेले. काकूंना, वहिनींना, कॉलेजच्या पोरांना, सगळ्यांना हात जोडून सांगितलं, स्टेटस टाकू नका. दोघांनी टाकलेलं होतं, ते काढायला लावलं. एक जण म्हणाला, "पूनम, तू तर पेजवाली, तूच असं म्हणतेस?" सुरतेहून, पुण्याहून मला मेसेज येत होते, खरं आहे का, टाक ना. मी उत्तर दिलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही अजून सांगता येत नव्हतं. 'उशीर' हा शब्द तुम्ही कुठल्या अर्थाने वापरत होतात, ते मला थोडं समजलं. सगळं नाही.

अकराच्या सुमारास मंदाताईंचाच फोन आला. रडण्याचा आवाज मागे पाहुण्यांचा होता. त्या स्वतः स्पष्ट बोलत होत्या.

"पूनम, शेवटचं काय करत होते आबा?"

"चहा पीत होते."

"संपवला?"

"बशीत थोडा होता."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी मुलाला शाळेच्या शिबिरातून घेऊन येते. वेळ लागेल. पण मी येते." आणि मग, "बोर्ड?"

"लिहिला नाही."

"नको लिहूस."

ते तिघं तीनच्या पुढे आले, एसटीनेच. मी चौकात उभी होते, खडू मुठीत धरून. त्या उतरल्या आणि थेट बोर्डासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाहुणे मुलाला घेऊन बाजूला थांबले. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. या वेळी त्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्या रडल्या, पण बोर्डाकडे बघत रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लिही. सरळ लिही, नाहीतर ओरडतील."

मी आधी जागा मोजली. पहिल्या ओळीत तुमचं पूर्ण नाव. गावात कित्येकांना तुमचं नाव पहिल्यांदाच कळलं असेल. दुसऱ्या ओळीत 'यांचे निधन झाले'. तिसरी ओळ, अंत्ययात्रा सायंकाळी पाच वाजता राहत्या घरून निघेल. ही ओळ उजवीकडे उतरली. मंदाताईंनी पदराने ती पुसली. दुसऱ्यांदाही उतरली. तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे."

मग फोटो काढला, पोस्ट टाकली. साडेतीन वाजले होते. आलेखात जिथे खड्डा आहे, बरोबर तिथे. घरी गेल्यावर दिसलं, फोटोच्या कोपऱ्यात माझा अंगठा आला होता. तो मी कापला नाही.

आबा, भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पाव्हना भला माणूस होता म्हणून जमलं, नसता तर काय केलं असतं? आणि साडेपाच तास मीही गाव थांबवून ठेवलंच होतं, तुमच्यासारखंच. पुण्याचे तुमचे भाचे वेळेत पोहोचू शकले नाहीत, ते माझ्यावर नाराज आहेत, आणि त्यांचं चूक नाही. तुमच्या दहाव्याला सुनंदाताई आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीची माफी मी त्यांच्याकडे तेव्हा मागितली. त्या म्हणाल्या, "फार वेळ घेतलास गं," आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

बोर्ड ग्रामपंचायतीने माझ्याकडे दिलेला नाही, कोणी तसं बोललंही नाही. पण मी शनिवारी गावी येते आणि तो पुसते. आठवड्यात मी नसते तेव्हा काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. आईला मी अक्षरं गिरवायला देते आहे. 'पाणी' आणि 'आज' एवढं तिला जमायला लागलंय.

हे सगळं मी लिहिलं, पण ते आज टाकणार नाही. आठलाही नाही आणि दोनलाही नाही. यात मंदाताईंची मोसंबी आहे आणि कोऱ्या बोर्डाचा राग आहे, जो त्यांनी तुमच्यापासून इतकी वर्षं लपवला. ते मी आधी तुम्हाला सांगितलं, हा मोडलेला शब्द माझा. पण गावाला सांगायचं की नाही ते त्यांचं. ते त्यांना फोनवर विचारायचं नाही. परवा कॉलेजला सुट्टी आहे. अमळनेरहून येणारी बस गावात पकडून मी धुळ्याला जाणार आहे, त्यांच्या शेजारी बसून हे सगळं वाचून दाखवणार आहे, मोसंबीचंसुद्धा. जाऊन यायला तीन तास लागतील, ते लागू द्या. मध्येच त्यांनी थांब म्हटलं तर कागद घडी करून खडूजवळ ठेवीन, आणि हे फक्त तुमच्या-माझ्यात राहील.

आणि चौकातल्या बोर्डाशेजारी किंवा फोनवर जर हे कोणी वाचत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, टाक.

तुमची,
पुनी